कारखान्यात शाळकरी मुलांना दिवसभर कामाशेजारी बसवावं का?

टूलरूम_भोसरी

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आले. मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या जाणत्या माणसांकडे जाऊन काम बघावं, अशी त्यामागची कल्पना. आता एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपकडेही शाळा विचारणा करतात, आणि मागणी बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते: चाळीस मुलं, दोन शिक्षक, दोन तास, शेवटी बिस्किटं आणि गटफोटो.

माझं म्हणणं असं की ही चाळिसांची सहल नाकारावी. त्याऐवजी चौदा वर्षं पूर्ण झालेली, नववी ते बारावीतली दोनच मुलं घ्यावीत, पण पूर्ण दिवस घ्यावीत. एका मुलाला एक कामगार नेमून द्यावा आणि मुलाने दिवसभर त्याच्याच शेजारी असावं.

चाळिसांच्या रांगेतल्या मुलाला मशीन दिसतं, काम दिसत नाही. काम म्हणजे निर्णय, आणि निर्णय दोन मिनिटांत दिसत नाहीत. साधं उदाहरण घ्या. ड्रॉइंगवर बोअर (पीसमधलं गोल भोक) २५ एच७ आहे, म्हणजे त्याचं माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. सकाळी पहिला पीस २५.०१६ येतो. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो: २५.०१४, २५.०११, २५.००७. मग ऑपरेटर दहा मायक्रॉनचा (०.०१० मिलिमीटर) ऑफसेट देतो, म्हणजे टूलची जागा तेवढी सरकवतो, आणि माप पुन्हा वर येतं. मुलाला एक आलेख कागद द्या. दर पाचव्या पीसचं माप ऑपरेटर डायल बोअर गेजवर घेतो, ते मुलाने मांडायचं. दुपारपर्यंत कागदावर उतरती रेघ, मध्येच उडी, पुन्हा उतरती रेघ अशी आकृती तयार होते. टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत), झीज, दुरुस्ती हे सगळं त्या एका कागदावर असतं, आणि त्याचं गणित नववीच्या पलीकडचं नाही.

दिवसाची आखणी साधारण अशी असावी. शिफ्ट बदलण्याच्या वेळी मूल गेटवर नको, तेव्हा सगळेच घाईत असतात. नऊला बोलवा. अर्धा तास सुरक्षेची माहिती. मग जेवणापर्यंत मशीनपाशी. त्या दिवशी एखादा सेटअप बदल ठरलेला असेल तर उत्तम, कारण सॉफ्ट जॉ (पीस धरणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूलचं ऑफसेट घेणं, पहिला पीस पास होईपर्यंतची खटपट हे सगळ्यात शिकण्याजोगं आहे. जेवण कामगारांबरोबर, मालकाच्या केबिनमध्ये नाही. दुपारी तासभर क्वालिटीच्या टेबलावर: दहा पीस, त्यांत दोन मुद्दाम मिसळलेले रिजेक्ट, प्लग गेजची गो बाजू (भोकात जायलाच हवी) आणि नो-गो बाजू (जाता कामा नये) वापरून ते शोधायचे. नंतर डिस्पॅच: गंजरोधक तेल, पॅकिंग, चलन, ई-वे बिल. शेवटचा अर्धा तास कामगार आणि मूल समोरासमोर बसून बोलतील, सुपरवायझरने मध्ये पडायचं नाही. चारला मूल गेटबाहेर.

विरोध असेल तर कारणासकट मांडा.

सेफ्टी_चाकण

विरोध आहे, आणि तो कागदी कारणांपुरता नाही.

आधी कागदाचं बोलू. बाल व किशोर कामगार कायदा १९८६ चा, २०१६ ला त्यात दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावता येत नाही, आणि चौदा ते अठराच्या मुलाला धोकादायक व्यवसायांत आणि प्रक्रियांत घेता येत नाही. मूल फक्त बघतंय, काम करत नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला एप्रन घातलेलं पंधरा वर्षांचं मूल मशीनजवळ उभं दिसतं. त्या क्षणी शाळेचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि "कोणतंही काम करणार नाही" असं लिहिलेला दिवसाचा तक्ता गेटवरच्या फाईलमध्ये असला पाहिजे. मुख्याध्यापकांशी फोनवर झालेलं बोलणं तिथे उपयोगी पडत नाही.

दुसरं, विमा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कर्मचाऱ्याला लागू आहे, पाहुण्याला नाही. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान आहे, पण ते नावाप्रमाणे अपघातानंतरचं अनुदान आहे, तुमच्या जबाबदारीचा विमा नव्हे. वर्कशॉपच्या पॉलिसीत बाहेरच्या माणसाला झालेली इजा येते का, हे विमा एजंटकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर मूल आत घेऊ नका.

आता खरं कारण. छोट्या शॉपमध्ये सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) दाराचं इंटरलॉक, म्हणजे दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय, बायपास केलेलं असणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. दार उघडं ठेवून चक, म्हणजे जॉब (मशीनवरचा पीस) धरणारा भाग, फिरवता येतो, मोजमापाला दहा सेकंद वाचतात, म्हणून केलेलं असतं. जुन्या मशीनच्या खिडकीचं पॉलिकार्बोनेट वर्षानुवर्षं कूलंट (कापताना मारायचं थंडाव्याचं द्रव) लागून कमकुवत झालेलं असतं. वरून धड दिसतं, पण उडालेला जॉब अडवण्याची त्याची ताकद गेलेली असते. ऑपरेटर सवयीने चकच्या रेषेतून बाजूला उभा राहतो. मूल बरोबर त्याच रेषेत उभं राहतं, कारण तिथूनच चांगलं दिसतं.

तुमच्या तक्त्यातला अर्धा तास सुरक्षेच्या माहितीला पुरेल, पण माहिती ऐकून सवय होत नाही.

ऑपरेटर_बी_शिफ्ट

सगळे मुलाचं बोलतात, मशीनवरच्या माणसाचं कोणी बोलत नाही. हिशेब मांडतो.

आठ तासांची शिफ्ट. अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा वजा केले तर ४३० मिनिटं. सायकल, लोडिंग-अनलोडिंग धरून पीसला ९० सेकंद, म्हणजे २८६ पीस. मुलाला समजावून सांगताना पीसमागे फक्त दहा सेकंद जास्त गेले तर २५८. अठ्ठावीस पीस गेले. टार्गेट २७५ असेल तर त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह गेला. सुपरवायझर संध्याकाळी आकडा बघतो, मूल आलं होतं हे त्याच्या शीटमध्ये कुठेच नसतं.

शिवाय बोलता बोलता लक्ष जातं. जॉब चकमध्ये नीट न टेकता क्लॅम्प होतो, फेसवर एक चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकलेली राहते, लांबी चुकते, रिजेक्शन आपल्या नावावर पडतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. शाळेची मंडळी येतात तेव्हा मशीनपाशी उभं राहून मुलांना सांगतात, "बघा, अभ्यास केला नाही तर हे काम करावं लागेल." ज्याच्याबद्दल बोलतात तो माणूस हातभर अंतरावर उभा असतो. त्याने मान खाली घालून मायक्रॉनमध्ये माप धरायचं आणि वर हे ऐकायचं. अशी माणसं येणार असतील तर माझा सरळ नकार.

टूलरूम_भोसरी

@ऑपरेटर_बी_शिफ्ट, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शिक्षकाने शॉप फ्लोअरवर यायचंच नाही, गेटवर मूल सोडायचं आणि चारला न्यायचं, ही अट मी पहिल्या ओळीत घालीन.

पीसच्या हिशेबाला उत्तर मशीनच्या निवडीत आहे. नव्वद सेकंदांच्या टर्निंगवर मूल बसवूच नये. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) सहा-सात मिनिटांची सायकल असते. लोडिंगला मिनिटभर लागतं, उरलेली पाच-सहा मिनिटं ऑपरेटर डीबर करतो (पीसच्या कडेचे बर, म्हणजे काटे, काढतो), मोजतो, वाट बघतो. बोलायला वेळ तिथे आहे. आलेखासाठी बोअर तिथेही मिळतो.

@सेफ्टी_चाकण, इंटरलॉक बायपास असलेल्या शॉपने मूल बोलावू नये, यात दुमत नाही. पण मग ते मशीन कामगारासाठी तरी कसं चालतं? मूल येणार म्हणून आठवडाभर आधी इंटरलॉक पूर्ववत झालं, खिडकीची काच बदलली, तर तो फायदा रोज तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे.

ऑपरेटर_बी_शिफ्ट

कागदावर पाच-सहा मिनिटं मोकळी दिसतात. प्रत्यक्षात सायकल लांब असली की मालक एका माणसाला दोन व्हीएमसी देतो. एकाचं लोडिंग होईतो दुसऱ्याचं संपतं. म्हणजे त्या दिवशी दुसरं मशीन दुसऱ्याला द्यायला लागणार, आणि ते आधी ठरलं पाहिजे. ऐनवेळी "आजचा दिवस सांभाळून घे" चालणार नाही.

माझ्या अटी लिहून ठेवा. ज्याच्या शेजारी मूल बसणार त्याला आधी विचारायचं आणि त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. त्या मशीनचं टार्गेट त्या दिवशी पंधरा टक्क्यांनी कमी, बोर्डावर लिहून. इन्सेन्टिव्ह मागच्या आठवड्याच्या सरासरीने. हे तीन असतील तर मी तयार आहे. एवढ्यावर मालक राजी होणार नसेल तर मुलांवरचं प्रेम त्याने स्वतःच्या केबिनमध्ये दाखवावं.

विज्ञान_शिक्षिका_शिरूर

मी शाळेच्या बाजूने आहे, आणि तरीही या योजनेच्या विरोधात.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. हाताने काम करता करता शिकणं हा त्याचा पाया. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांमध्ये गेला: आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, प्रक्रिया उद्योग असं प्रत्यक्ष करतात, आणि केलेल्या वस्तूचा खर्चही काढतात. त्याच्याही आधी, १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची जी मांडणी झाली, तिचाही गाभा हाताने उत्पादक काम हाच होता.

तुमच्या दिवसात मूल काय करतं? बघतं आणि लिहितं. कायद्याने हात लावायचा नाही, सुरक्षेने जवळ जायचं नाही. पंधरा वर्षांचं मूल सहा तास पिवळ्या पट्टीमागे उभं राहून शिकेल, ही अपेक्षा वर्गात शिकवणारं कोणी करणार नाही. पहिला तास कुतूहल, दुसरा तास पाय दुखतात, तिसऱ्या तासाला मोबाईल.

त्यापेक्षा तुमचा एक कुशल माणूस महिन्यातून दोन दुपारी शाळेच्या कार्यशाळेत पाठवा, पगारी. शाळेत बेंच व्हाइस आणि कानस असतात, हॅक-सॉ असतो, व्हर्नियर प्रयोगशाळेतच असतो. ५० बाय ५० चा माइल्ड स्टीलचा तुकडा काटकोनात कानसायला दिला तर दोन तासांत मुलाला कळतं की सपाट म्हणजे काय आणि ते किती अवघड आहे. तीस मुलांना मिळतं, दोघांना नाही. दोनच मुलं निवडायची तर निवडणार कोण? पहिल्या नंबरचीच जातील.

टूलरूम_भोसरी

निवड चिठ्ठी टाकून. मार्कांवर नाही. हे मी लिहायला हवं होतं, मुद्दा योग्य आहे.

बाकी मला पटत नाही. कानशीने काटकोन काढणं हे कौशल्य आहे आणि ते शाळेत व्हावंच. पण नोकरी म्हणजे नुसतं कौशल्य नव्हे. साडेअकराला ग्राहकाचा फोन येतो की कालच्या लॉटमध्ये दोन पीसला बर आहे. मग क्वालिटी, ऑपरेटर आणि डिस्पॅच तिघं उभे राहून ठरवतात की उरलेले चारशे पीस इथे तपासायचे की माणूस तिकडे पाठवायचा. हे शाळेच्या कार्यशाळेत आणता येत नाही. तिथे ग्राहक नसतो, उशीर नसतो, दुसऱ्याने केलेल्या चुकीची किंमत नसते.

सहा तास उभं ठेवू नका, एवढं मात्र नक्की. स्टूल द्या. दर पंचेचाळीस मिनिटांनी जागा बदला. आलेखाचं काम हातात असेल तर मोबाईलची आठवण कमी होते, तरी फोन गेटवरच जमा. ग्राहकाची ड्रॉइंग्ज गुप्त असतात, फोटो निघता कामा नये.

लॅब_टेक_सोलापूर

यंत्रांच्या चर्चेत पॅथॉलॉजी लॅब आणते, कारण आमच्याकडेही अकरावी-बारावी सायन्सची मुलं पाठवू का, असं विचारतात. माझं मत बाजूने आहे, पण लॅबचा ठरावीक भागच दाखवायचा.

जिथे सुई आहे तिथे मूल नाही. रक्त घेण्याची खोली बंद, कारण तिथे सुई टोचण्याचा धोकाही आहे आणि रुग्णाची लाजही. मशीनवर नमुना लावतानाही काचेच्या पलीकडून. मग उरतं काय, असं वाटेल. पण लॅबमधल्या कितीतरी चुका नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीच होतात, आणि तो भाग रक्ताला न शिवता पूर्ण शिकवता येतो.

रिकाम्या नळ्या आणि रंगीत पाणी घ्या. जांभळ्या टोपणाची नळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं द्रव्य), सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी). हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, जोरात हलवली तर पेशी फुटतात. आकाशी टोपणाची सायट्रेटची, रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी; रेघेपर्यंतच भरायची, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उशीर लागल्यासारखा रिपोर्ट येतो. करड्या टोपणात फ्लोराइड, साखरेसाठी. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण पाच ते सात टक्के. हे एकदा समजलं की नमुना लवकर पोचवण्याची घाई का असते, ते मूल आयुष्यभर विसरत नाही.

मुलाला पाच खोटे फॉर्म आणि पाच नळ्या द्या, त्यांतल्या एका नळीवर वय चुकीचं, दुसरीवर नाव आणि फॉर्मवरचं नाव वेगळं. शोधायला सांगा. खऱ्या रुग्णाचं नाव असलेला एकही कागद टेबलावर नको, स्क्रीन भिंतीकडे वळवलेला. गाव लहान असतं, शेजारणीचा रिपोर्ट मुलाच्या डोळ्यांसमोर येऊ शकतो.

पूर्ण दिवस मात्र नको. तीन तास पुरे. सकाळी सात ते दहा गर्दी असते, तेव्हा कोणालाही समजावायला फुरसत नसते. साडेदहा ते दीड ठेवा.

दूध_संकलन_संगमनेर

सगळी चर्चा एमआयडीसी आणि शहरापुरती चालली आहे. गावात मुलांना नेण्यासारखी जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळी सहा ते आठ, शाळेच्या आधी. चालत जाता येतं, बस लागत नाही.

मुलाने काय बघायचं: दूध आलं, नमुना घेतला, अ‍ॅनालायझरने फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) दाखवला, वजन झालं, पावती निघाली. गाईच्या दुधाला आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा भावाचा पाया धरतात; त्याच्या खाली गेलं की दरपत्रकाप्रमाणे भाव उतरतो. मुलाला दरपत्रक द्या, पाच पावत्या शेतकऱ्याचं नाव झाकून द्या, रक्कम काढायला सांगा. दशांश अपूर्णांक तिथे पैशात दिसतात. नमुना ढवळल्याशिवाय घेतला तर वरची साय जास्त येते आणि फॅट फुगतं. बुडबुडे असलेलं दूध लावलं तर आकडा भलताच येतो. एकाच दुधाचे दोन नमुने, एक ढवळून, एक न ढवळता, लावून दाखवा.

जिथे अजून गर्बर पद्धत (अॅसिडने फॅट मोजणं) आहे तिथे मुलं दूर ठेवा. १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल, आणि मिसळताना नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. बूच निसटलं तर अ‍ॅसिड तोंडावर येतं.

एक काळजी बाहेरच्यांना सुचणार नाही. ज्या मुलाच्या घरचं दूध त्याच केंद्रावर येतं, त्याला तिथे बसवू नका. शेजाऱ्याचं फॅट त्याच्या घरचं कमी-जास्त, यावरून गावात संशय आणि भांडणं होतात. त्याला पुढच्या गावच्या केंद्रावर पाठवा.

पालक_नववी_अ

मुलीची आई म्हणून विचारते, आणि इथे आत्तापर्यंत कोणीच हे लिहिलं नाही.

एका मुलामागे एक कामगार, दिवसभर. म्हणजे एक अल्पवयीन मुलगी आणि एक अनोळखी पुरुष. बंद केबिन, स्टोअरची मागची खोली, कॅन्टीनचा जिना. तुमच्या आखणीत "समोरासमोर बसून बोलतील, सुपरवायझरने मध्ये पडायचं नाही" असंही आहे. मला हे मान्य नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) आहे, पण कायदा नंतर येतो. आधी नियम हवा: मूल आणि मोठा माणूस नेहमी दोन तरी इतर माणसांना दिसतील अशा उघड्या जागी. दोन मुली एकत्रच, एकटी नाही. एक ठरावीक बाई, नाव आणि नंबरासह, जिच्याकडे मुलगी केव्हाही जाऊ शकेल. छोट्या वर्कशॉपमध्ये एकही बाई नसेल तर शाळेची शिक्षिका दिवसभर ऑफिसात बसलेली हवी.

आणि मुलींसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का? अनेक गाळ्यांमध्ये एकच असतं. ते नसेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. हे दिवस ठरवण्याआधी शिक्षिकेने स्वतः जाऊन बघायचं.

फोटोंचंही तेच. मुलांचे चेहरे कंपनीच्या पानावर टाकायला पालकांची संमती वेगळी लागेल. नाही दिली तरी मुलाला घेतलं पाहिजे.

टूलरूम_भोसरी

तुमचा प्रत्येक मुद्दा घेतो. "सुपरवायझरने मध्ये पडायचं नाही" याचा अर्थ बाजूला नेणं नव्हता. कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर, सगळ्यांसमोर. पण लिहिलं नाही तर दुसरं वर्कशॉप वेगळा अर्थ काढील, म्हणून ते शब्दांत हवंच. आणि ज्या गाळ्यात वेगळं स्वच्छतागृह नाही, त्याने फक्त मुलगे बोलवावेत हे उत्तर मला चालत नाही. त्याने कोणालाच बोलवू नये.

कोडवाला_बाणेर

आयटी ऑफिसबद्दल थोडंच. धोका नाही, पण बघण्यासारखंही काही नाही, असा समज आहे. कोड टाईप करताना बघणं खरोखर निरुपयोगी. सकाळची पंधरा मिनिटांची उभ्याची मीटिंग, एक बग नोंदवल्यापासून बंद होईपर्यंत, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर हरकती घेणं, या तीन गोष्टी दाखवा. ग्राहकाचा खरा डेटा असलेली स्क्रीन नको, चाचणीचाच डेटा. दोन तासांत संपतं. दिवसभर ठेवलंत तर मुलाची धारणा होते की हे काम म्हणजे खुर्चीत बसणं.

सेफ्टी_चाकण

मी माझ्या विरोधाची हद्द आखून देतो, म्हणजे गोल गोल वाद नको.

पॉवर प्रेस, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पेंट शॉप: कुठल्याही अटीवर नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तिथली पातळी ८५ डेसिबलच्या आसपास आहे, असं धरून चाला. कानात प्लग घालायचे तर समजावलेलं ऐकू येणार नाही, म्हणजे मूल तिथे आणण्याचा हेतूच संपला.

टूलरूम आणि क्वालिटी, तेही इंटरलॉक चालू असलेल्या मशीनपाशी, यावर मी वाद थांबवतो. पण तपशील पाळा. बुटाचं माप आठ दिवस आधी मागवा. सेफ्टी शूज मोठ्या माणसांच्या मापात ठेवलेले असतात, ढगळ बुटात मूल कूलंटच्या फरशीवर घसरतं. गॉगल प्रत्येकाला. फिरत्या मशीनजवळ हातमोजे कोणालाच नाहीत, हातमोजा अडकला की हात ओढला जातो. ओढणी, मोकळे केस, अंगठी, मनगटातला गंडा, राखी काढून किंवा आत बांधून. आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते म्हणजे गळ्यात अडकवायचा पाहुण्यांचा पास. तो आपणच गेटवर देतो आणि वाकल्यावर तोच लोंबतो. खिशाला चिमट्याने लावायचा पास करा.

लांब कुरळी चिप मुलं हमखास उचलतात, चमकते म्हणून. ती ब्लेडसारखी कापते. पहिल्याच दहा मिनिटांत दाखवून सांगा. एअर गन अंगावर किंवा कपड्यांवर मारायची नाही, हे मुलांना सांगण्याआधी तुमच्या लोकांना सांगा, कारण शिफ्ट संपताना सगळे तेच करतात आणि मूल बघून शिकतं.

विज्ञान_शिक्षिका_शिरूर

माझा मूळ आक्षेप तसाच आहे. दोन मुलांसाठी एवढी तयारी करणारं वर्कशॉप तीस मुलांसाठी महिन्याला दोन दुपारी माणूस पाठवू शकतं. तरी एक प्रश्न विचारते, कारण तुम्ही तो टाळताय. क्वालिटीच्या टेबलावर मूल दहा पीस गेज लावून तपासतं. ते काम आहे की शिक्षण? उद्या दहाचे शंभर झाले आणि मुलांच्या भरवशावर पगारी इन्स्पेक्टर कमी केला, तर? किमान कौशल्य अभ्यासक्रमाच्या आणि आयटीआयच्या मुलांकडून प्रशिक्षणाच्या नावाखाली उत्पादन काढून घेतल्याच्या तक्रारी सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

सेफ्टी_चाकण

प्रश्न योग्य आहे, आणि त्याला मोजता येईल असं उत्तर आहे. मुलाच्या हातात जाणारे दहाही पीस आधीच उत्पादनातून बाद केलेले हवेत. जे मापात आहेत तेही. त्यांच्यावर लाल रंगाची खूण, वेगळा ट्रे, आणि संध्याकाळी तो ट्रे भंगारात किंवा पुढच्या मुलासाठी कपाटात. मुलाने हात लावलेला एकही पीस ग्राहकाकडे जाणार नाही, असं दिवसाच्या तक्त्यात लिहा. आलेखाचंही तसंच: माप ऑपरेटरने घ्यायचं आणि स्वतःच्या शीटवर लिहायचं, मुलाचा कागद शाळेत जाईल, क्वालिटीच्या फाईलला लागणार नाही.

ऑपरेटर_बी_शिफ्ट

लाल ट्रेला माझी हरकत नाही. दहा पीस बाद केल्याची नोंद मात्र माझ्या रिजेक्शनमध्ये धरायची नाही. वेगळ्या नावाने, मालकाच्या सहीने.

टूलरूम_भोसरी

ते "प्रशिक्षण नमुने" म्हणून आदल्या दिवशीच्या लॉटमधून स्टोअरने काढायचे, तुमच्या मशीनच्या शीटवर येणारच नाहीत. टार्गेट, इन्सेन्टिव्ह, नाही म्हणण्याचा हक्क आणि हे, असा चार ओळींचा कागद शाळेला होकार देण्याआधी नोटीस बोर्डावर लावू. @विज्ञान_शिक्षिका_शिरूर, महिन्याला दोन दुपारी माणूस पाठवण्याबद्दल: एक दुपार जमण्यासारखी आहे, शनिवारची, पहिली शिफ्ट सुटल्यावर, ओव्हरटाईमच्या दराने. शाळेच्या व्हाइसचे जॉ धड आहेत का आणि कानशी किती आहेत ते कळवा. १० आणि १२ इंची बास्टर्ड (भरड दात्यांच्या) कानशी लागतील, प्रत्येक दोन मुलांना एक, मुठीसकट.